हवेचा घाम काढणारे मिस्त्री

तू लिहिलं आहेस, की दाबाखालची हवा गार करून कोरडी करणारं यंत्र बसवायचं काम तुझ्याकडे आलं आहे. पुढे लिहिलं आहेस, "आजी, याबद्दल तुला सांगून उपयोग नाही, तुला कळणार नाही." हे वाक्य मी दोनदा वाचलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. बाळा, फोटोतलं तुझं यंत्र चकचकीत कपाटासारखं दिसतं आणि विजेवर चालतं. पण त्याची थोरली बहीण तुझ्या आईच्या जन्माआधी मी सांगलीत पाहिली आहे. ती सागवानी पेटी होती आणि बर्फावर चालायची. ती कुणी बंद पाडली होती, हेही मला चांगलं माहीत आहे.

तुला आणि तुझ्या बहिणीला हे नीट क्रमाने सांगावं म्हणून मी आधी कागदावर मुद्दे काढले: कारखाना, हवा, मिस्त्री, माझी चूक. पण मिस्त्री पहिल्याच मुद्द्यात येऊन बसले आणि काही केल्या उठेनात. तेव्हा त्यांच्यापासूनच सुरुवात करते.

मिस्त्री, म्हणजे कारखान्याची यंत्रं सांभाळणारे, मूळचे खंडाळ्याकडचे. पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर समुद्रापार बसऱ्याला जाऊन आलेले. तिथून त्यांनी दोन गोष्टी आणल्या होत्या: एक पितळी बिजागरीची घडीची फूटपट्टी आणि कुठलीही वस्तू जिभेने तपासायची सवय. फूटपट्टीचा उपयोग ते पाठ खाजवायला करत. मापं सगळी वितीने आणि बोटांनी. "चार विती दोन बोटं" म्हणाले की सुतार तेवढीच फळी कापायचा. एकदा कुणी नाही असं पाहून मी ती फळी माझ्या पट्टीने मोजली. अगदी बरोबर निघाली. मला फार वाईट वाटलं.

जिभेचं मात्र पाहवत नसे. तेल, टाकीतलं पाणी, पाइपातला गंज, सगळं करंगळीने उचलून जिभेला लावायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. "ह्यात रॉकेल मिसळलंय. परत धाडा." मी म्हटलं, मिस्त्री, हे विषारी असतं. ते म्हणाले, "आवं बाई, बाजारातलं निम्मं तेल खोटं असतंय. डोळ्यानं कळत न्हाई. मग काय करावं मानसानं?"

मी त्या कारखान्यात कशी गेले ते सांगायला हवं. कारखाना नांगर आणि रहाट बनवायचा. दुसरी लढाई सुरू झाल्यावर सैन्याच्या पत्र्याच्या पेट्या बनवून, हिरव्या रंगवून द्यायचं काम मिळालं. सैन्याची पत्रं इंग्रजीत येत. मालकांना इंग्रजी येत नव्हतं आणि ज्याला येत होतं तो कारकून सैन्यातच भरती झाला. माझी बी. ए. नुकतीच झाली होती, इंग्रजी घेऊन, दुसरा वर्ग. मालक माझ्या वडिलांच्या ओळखीचे. बाईमाणूस कारखान्यात, म्हणून आधी बरीच कुजबुज झाली. मी तिकडे लक्ष दिलं नाही, कारण मला तिथली अव्यवस्था निस्तरायची होती. पहिल्याच आठवड्यात मी ऑफिसातल्या प्रत्येक डब्याला, फडताळाला आणि दौतीला सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या. मिस्त्रींना वाचता येत नव्हतं. त्यांनी एकाकडून त्या वाचून घेतल्या आणि मला शांतपणे विचारलं, "टाचण्यांना ठावं न्हवतं का बाई, त्या टाचण्या हायेत म्हणून?"

हवा दाबणारं यंत्र, म्हणजे काँप्रेसर, एका स्वतंत्र खोलीत होतं. दाबलेली हवा तिथून टाकीत जाई, टाकीतून पाइपाने रंगाच्या शेडमध्ये, आणि तिथे ती पिचकारीतून रंग उडवत असे. काँप्रेसरच्या खोलीत शिरताना मिस्त्री सगळ्यांना वहाणा बाहेर काढायला लावत. मालकांनाही. मला ही निव्वळ अंधश्रद्धा वाटली. पुण्याहून आणलेल्या माझ्या नव्या चपला पायात ठेवूनच मी त्यांना उंबऱ्यावर विज्ञानयुगाबद्दल चार शब्द सुनावले. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतले. मग म्हणाले, "देवाला धूळ चालती बाई. हिला चालत न्हाई. हवेबरुबर आत वढून घेती आन मग खोकत बसती." मी चपला काढल्या. उजव्या चपलेचा बंद लवकर सुटेना, तेवढा वेळ ते छपराकडे पाहत उभे राहिले.

त्यांचं आणखी एक सांगणं होतं. कुणी धावत आलं, की मिस्त्री आधी त्याला स्टूल दाखवत: "घाई असंल तर बसून घ्या." मी दिवसातून चार वेळा तरी त्या स्टुलावर बसलेली असे.

आता हवा. त्या वर्षी पावसाळ्यात पेट्यांच्या रंगावर फोड यायला लागले. गुळगुळीत हिरव्या पत्र्यावर देवी आल्यासारखे बारीक बारीक फोड. एक खेप परत आली, मग दुसरी. तिसऱ्या वेळी सैन्याच्या कॅप्टनसाहेबाचं पत्र आलं. मी ते सगळ्यांसमोर वाचून मराठीत सांगितलं: अमुक सोमवारी मी स्वतः येऊन माझ्यासमोर पेट्या रंगवून घेईन. तेव्हाही रंग नीट बसला नाही, तर हे काम दुसऱ्या गावी देण्यात येईल.

रंगाच्या शेडमध्ये आठ माणसं होती, सगळी जतकडची. तिकडे पाऊस पडला नव्हता, मेंढरं विकून झाली होती, आणि मिस्त्रींनी त्यांना काम आहे म्हणून बोलावून आणलं होतं. पत्र संपल्यावर ती माणसं माझ्याकडे न पाहता मिस्त्रींकडे पाहत राहिली. मिस्त्री एवढंच म्हणाले, "माज्या सबुदावर आल्यात ही." मग स्वतःच स्टुलावर बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक तांब्या बर्फ घातलेल्या पाण्याने भरला, काँप्रेसरच्या खोलीत ठेवला आणि त्याच्यासमोर मांडी घालून तासभर बसले. मालकांनी मला हळूच विचारलं, "ह्यांचं डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हटलं, मला शंकाच होती. तासाने मिस्त्रींनी आम्हाला आत बोलावलं, अनवाणी. तांब्याच्या बाहेरून थेंब ओघळत होते.

"बगा. हवेत पानी असतंच. गार भांड्याला लागली की तिला घाम फुटतो. आमची हवा दाबली की तापती. म्होरं लांब पाइपात गार हुती. तिथं तिला घाम येतो आन त्यो पिचकारीतनं रंगात जातो. त्येचं फोड. आता असं करायचं: वाटंतच तिला गार करायची, घाम तिथंच काढून घ्यायचा, मग म्होरं धाडायची."

तुझं चकचकीत कपाट दुसरं काय करतं रे?

हवा जायला त्यांनी तांबे धातूची नळी एका रांजणाभोवती गुंडाळून तिची वेटोळी केली. सागवानी पेटी केली, आतून पत्रा, पत्रा आणि लाकूड यांच्यामध्ये भुसा. वेटोळी पेटीत ठेवून भोवती बर्फ आणि पाणी. खाली एक लहान डबा, त्यात घाम साठायचा, आणि डब्याला तोटी. मिरजेच्या बर्फाच्या कारखान्यातून गोणपाटात गुंडाळलेली लादी रोज सकाळी टांग्यातून येई.

पेटी कुठे बसवायची यावर मी वाद घातला. मी म्हटलं, काँप्रेसरला लागूनच ठेवा, सगळं एका रेषेत सुबक दिसेल. मिस्त्री म्हणाले, "आदी टाकीत दम खाऊ द्या तिला. तापल्या अंगानं कुनी विहिरीत उडी मारतंय का?" पेटी टाकीच्या पुढे बसली. रेष वाकडी झाली. तूही टाकीच्या पुढेच बसवतो आहेस हे पत्रासोबतच्या तुझ्या आकृतीत पाहिलं, आणि मी मुकाट्याने पान उलटलं.

काँप्रेसरबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती. तिच्यात हवा गार करण्याबद्दल दोन पानं होती. ती वाचून सांगायचं काम माझं. पहिलं पान मी खणखणीत आवाजात वाचलं. त्याचं शेवटचं वाक्य असं होतं: हवा जितकी गार कराल, तितकी ती कोरडी मिळेल. दुसऱ्या पानावर चित्र होतं. मिस्त्रींनी ते चित्र इतक्या वेळा पाहिलं होतं, की पान त्यांच्या बोटांच्या तेलाने काळं, चिकट झालं होतं. मी त्याला हात लावला नाही. माझे हात स्वच्छ होते.

तो सोमवार. मी सकाळी सातलाच कारखान्यात पोचले. मिस्त्री आदल्या दिवशीच पेटी तपासून गेले होते आणि आठला येणार होते. टांग्यातून लादी आली, पण वाटेत निम्मी विरघळलेली. एवढ्याने हवा पुरेशी गार होणार नाही, असं मला वाटलं. पुस्तिकेतलं वाक्य आठवलं: जितकी गार, तितकी कोरडी. आणि वाईची माझी मावशी आठवली. मावशीकडे आइस्क्रीमचा पॉट होता. बर्फात खडेमीठ घातल्याशिवाय आइस्क्रीम गोठत नाही, हे मला सहाव्या वर्षापासून माहीत होतं. मीठ घातलं की बर्फ दुप्पट गार होतो. मिस्त्रींना हे कुठून माहीत असणार! बिचाऱ्यांनी आइस्क्रीम कधी खाल्लं नसेल.

टांगेवाल्याला मी कोपऱ्यावरच्या दुकानातून मीठ आणायला पाठवलं. ते मापाने मोजून, चारही कोपऱ्यांत सारखं टाकलं. मग रोजनिशीत लिहिलं: "७-४०. पेटीत खडेमीठ, दोन शेर." खाली सही केली. आठला मिस्त्री आले, त्यांनी यंत्र सुरू केलं आणि ते शेडमध्ये निघून गेले. मी रोजनिशी मिटून खणात ठेवली. रंग आरशासारखा लागला की मग मिठाचं सांगावं, असं मनात होतं.

दहाला कॅप्टनसाहेब आला. उंच, घामेजलेला, रुमालाने मान पुसणारा. मालक हार घेऊन उभे होते, मी दुभाषी म्हणून मध्ये. पहिली पेटी छान रंगली. साहेबाने भिंग काढून पाहिलं आणि मान हलवली. दुसरी अर्धी झाली आणि पिचकारी फसफसली. मग थुंकली. मग काहीच नाही. टाकीवरचा दाबाचा काटा तर पुरा चढलेला. मिस्त्री धावले नाहीत. चालत बर्फाच्या पेटीपाशी गेले. पेटीतून बाहेर पडणाऱ्या पाइपावर कापसासारखं पांढरं हिम धरलं होतं. त्यांनी झाकण उघडलं, करंगळी पाण्यात बुडवली, जिभेला लावली, डोळे मिटले.

मला त्या क्षणी सगळं समजलं. आइस्क्रीम गोठतं, तर पाइपातला घामही गोठणार. नळीत बर्फाचं बूच बसलं होतं. (पुढे कधीतरी मी ते काळं पान उघडलं. चित्रात नेमकं हेच होतं: नळी, तिच्यात बर्फ, वर मोठी फुली. मिस्त्रींना ते न वाचता कळलेलं होतं.)

मिस्त्री मला म्हणाले, "सायबाला सांगा, बर्फात मीठ पडलंय. पाइप गोठलाय. अर्ध्या घंट्यात हवा देतो." कुणी घातलं ते त्यांनी विचारलं नाही. मी नीट भाषांतर केलं. साहेबाने विचारलं, "मीठ कुणी घातलं?"

मुलांनो, माझं इंग्रजी त्या दिवशी फार चांगलं होतं. मी म्हटलं, "पेटीची जबाबदारी असलेल्या माणसाने." व्याकरणाची एक चूक नव्हती त्या वाक्यात. आजूबाजूला कुणालाही इंग्रजी येत नव्हतं. पेटीची जबाबदारी मिस्त्रींची, हे साहेबाला दिसतच होतं.

साहेब म्हणाला, "मग तो माणूस इथून गेला पाहिजे. नाहीतर मी हे काम इथे ठेवू शकत नाही."

मिस्त्रींनी तोवर खारं पाणी काढून टाकलं होतं आणि साहेबाच्या चहासाठी उकळत ठेवलेली किटली उचलून ते नळीवर ओतत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "काय म्हनतोय?"

मी म्हटलं, "चहा कधी मिळेल विचारतोय."

"सांगा, चा पाइप पितोय."

मी तेही भाषांतर केलं. साहेब हसला नाही.

शेडच्या भिंतीला आठही जण टेकून उभे होते. त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा, ज्याचं मराठी निम्मं कानडी होतं, पुढे आला आणि माझ्यासमोर हात जोडून म्हणाला, "अक्का, आमी ऱ्हायाचं का जायाचं? तेवढं इचारा की वो त्यास्नी."

त्याला वाटत होतं, ते साहेबाच्या हातात आहे. आणि मी आत्ताच ज्याला हाकलायची व्यवस्था केली होती, त्याच्याच शब्दावर ही माणसं इथवर आली होती. मी साहेबाकडे वळले. माझं सुंदर इंग्रजी कुठे गेलं कोण जाणे. तुटक तुटक म्हणाले, मीठ मी घातलं. ह्यांनी नाही. ह्यांना माहीतच नव्हतं. मी आधी सांगितलं ते खोटं.

साहेबाने रुमाल खिशात ठेवला. मग म्हणाला, "पण का?"

मी आइस्क्रीमबद्दल सांगितलं.

"कोणतं आइस्क्रीम?"

"सीताफळाचं."

त्याला सीताफळ माहीत नव्हतं. म्हणून, नोकरी जाण्याच्या बेतात असताना, गोठलेल्या पाइपासमोर उभं राहून, मी एका गोऱ्या कॅप्टनला सीताफळाच्या बिया कशा काढतात ते समजावून सांगितलं.

मालक म्हणाले, "अहो, काय चाललंय? मराठीत सांगा." मग मला तेच सगळं मराठीत सांगावं लागलं, सगळ्यांसमोर, मिस्त्रींकडे तोंड करून. मालकांचा चेहरा लाल झाला. "उद्यापासून तुम्ही येऊ नका," ते म्हणाले.

मिस्त्री म्हणाले, "मला ठावं हुतं. चारी कोपऱ्यात सारकं मीठ हितं दुसरं कोन टाकनार?" मग किटली खाली ठेवून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "आन 'म्यान मस्ट गो' एवढं कळतंय बाई मला. बसऱ्याला सायब लोक रोज कुनाला ना कुनाला म्हनायचे."

मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. तिने घेतलं नाही. सिमेंटची होती.

तेवढ्यात नळीत काहीतरी खडखडलं, तोटीतून बर्फाचे तुकडे आणि पाणी भळाभळा आलं आणि पिचकारी फुस्स करून बोलली. मिस्त्रींनी उरलेला बर्फ तीनदा धुऊन परत पेटीत घातला. साहेबाने सात पेट्या रंगवून घेतल्या, दुपारपर्यंत उन्हात वाळवल्या आणि भिंगाने एकेक पाहिली. फोड नव्हता. तो म्हणाला, काम इथेच राहील, पण एका अटीवर: या बर्फाच्या पेटीची जबाबदारी एकाच माणसाकडे असावी, आणि त्याचं नाव मला आत्ता लिहून हवं.

मालकांनी लगेच मिस्त्रींचं नाव सांगितलं.

"न्हाई," मिस्त्री म्हणाले. "बाईंचं लिवा."

"ह्यांचं? ज्यांनी बिघडवली त्यांचं?"

"पाइप कसा गोठतो, ते ह्या कारखान्यात दोघांनाच ठावं हाय. मला बाकीची कामं हायेत."

मालकांनी छपराकडे पाहिलं, साहेबाकडे पाहिलं, आठ माणसांकडे पाहिलं, आणि हात झटकला. मी साहेबाच्या कागदावर माझं नाव लिहिलं. सवयीने पुढे बी. ए. लिहिलं.

लढाई संपेपर्यंत मी रोज सातला जाऊन, पदर खोचून, बर्फ फोडून पेटीत भरत असे. दर पाव तासाने तोटी सोडून घाम काढायचा, पाइपावर पांढरं धरत नाही ना ते हाताने पाहायचं. बोटं बधिर व्हायची, पत्रांवर अक्षर वाकडं यायचं. माझ्या हातांना तेलाचा वास लागला तो आंघोळीनेही गेला नाही. आठही माणसं राहिली. पुढच्या पावसानंतर त्यांनी मला जतकडच्या ज्वारीचं एक पोतं आणून दिलं.

पेटीपाशी मी आठवड्याचा तक्ता टांगला होता, तोटीचं पितळ चिंचेने घासून ठेवलं होतं, पेटीवरचं झाकण धुतलेलं. मिस्त्री कधीतरी येतील, पाहतील, करंगळी बुडवतील, काही म्हणतील, असं मला रोज वाटे. ते शेजारच्याच खोलीत असत, दहा पावलांवर. कधी आले नाहीत. असं वर्ष गेलं. शेवटी मी न राहवून त्यांच्या खोलीच्या उंबऱ्यावर चपला काढल्या आणि विचारलंच.

"मिस्त्री, तुम्ही पेटी बघायला का येत नाही?"

त्यांनी फूटपट्टीने पाठ खाजवता खाजवता माझ्याकडे पाहिलं.

"का, बिघडलीय?"

"नाही."

"मग?" म्हणाले, आणि परत पाठ खाजवू लागले.